दादाचं वेंगुर्लं

नेकनुरात समुद्र पाहिलेला माणूस मला एकच माहीत होता, माझा थोरला भाऊ नागोराव. दर पौषात तो घोंगड्या विकायला वेंगुर्ल्याला जायचा. पंधरा दिवसांचं सांगून महिना काढायचा. "एकदा चल बे," म्हणायचा. मी शाळामास्तर, शाळेचं कारण सांगायचो. श्रावणात तो तापाने गेला.

पौष लागला तशी वहिनी म्हणाली, "भावजी, त्यांच्या उरलेल्या घोंगड्या तिथं भिकू भंडाऱ्याच्या घरी हायेत. त्याला बातमी बी कळाय पायजे. तुमी जाऊन या." पंधरा दिवसांची रजा घेऊन मी निघालो.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगतो. बैलगाडीने चौसाळा, येरमाळा करत दोन मुक्कामांत बार्शी. मध्ये निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर सामान सोडून दाखवावं लागतं. माझ्या गाठोड्यात भाकऱ्या, चटणी आणि पाण्याने भरलेली कातड्याची छागळ. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, "मास्तर, समुद्राला पाणी घेऊन चाललात का?" बार्शीला हाली सिक्का देऊन इंग्रजी कलदार रुपये करून घ्यावेत, पुढे निजामाचं नाणं कोणी घेत नाही. तिथून छोट्या आगगाडीने मिरज, मग बेळगाव, आणि बेळगावाहून मोटारीने आंबोलीचा घाट. मोटारीत ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली तर दोन आणे जास्त द्यावेत. मागे धूळ फार लागते.

घाटात एका वळणावर झाडी संपून खाली सगळं कोकण दिसलं. शेजारचा वाणी हात जोडून बसला. मला मात्र दादाचा राग आला. इतकं सगळं वर्षानुवर्षं पाहून तो घरी येऊन एवढंच सांगायचा, "पाणी हाय, झाडं हायेत."

वेंगुर्ल्यात भिकूचं घर शोधायला त्रास झाला नाही. तो घरी नव्हता, माडावर होता. भंडारी लोक माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कापून तिला मडकं बांधतात आणि दिवसातून तीनदा चढून रस उतरवतात. तोच रस संध्याकाळी आंबट होतो, त्याची माडी. मी खाली उभा राहिलो तोच वरून आवाज आला, "नागू! उशीर केलंस रे."

आमच्या घरी त्याला नागोराव किंवा दादा म्हणत. नागू त्याला आईसुद्धा म्हणत नव्हती.

"मी धाकटा भाऊ," मी म्हणालो. "दादा गेला. श्रावणात."

भिकू उतरला, मडकं खाली ठेवलं आणि तिथेच मांडी घालून लहान पोरासारखा रडला. मी उभाच. दहाव्याला लोक मला म्हणाले होते, मास्तर, मोकळं व्हा. मला जमलं नव्हतं. या परक्या माणसाला कसं लगेच जमलं, हेच मनात आलं.

जेवण साधं आणि फार चांगलं. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. माडी आंबूस, थोडी झिणझिणणारी. उपाशीपोटी घेऊ नये. जेवताना भिकूची बायको सांगत होती, "नागू भावजी गावपाक बसले की शेजारी जमत." माझा दादा गात असे, हे मला वेंगुर्ल्यात कळलं. दुसऱ्या दिवशी भिकूने होडीतून खडकापर्यंत नेलं. पाणी स्वच्छ, तळाची वाळू दिसते. होडी हलते, पण पहाटे निघालं तर भीती नाही.

"हंयसून नागू उडी मारी," भिकू म्हणाला. "तू मारतंस?"

"मला पोहता येत नाही."

"तेकाय पोवाक खय येय? मीच शिकवलंय."

मी होडीची कड धरून बसलो. सख्खा भाऊ मी, आणि माझ्या भावाची माहिती हा मला देत होता.

विहिरीजवळचा एक माड भिकूने दादाला चढायला शिकण्यासाठी दिला होता. बुंध्याला पावलांच्या खाचा होत्या. तिसऱ्या दिवशी उजाडताच, भिकू उठायच्या आत, मी त्या माडावर चढायला लागलो. दादाला जे येत होतं त्यातलं एक तरी मला यावं, एवढंच डोक्यात होतं. निम्म्यावर पोचलो आणि पलीकडच्या परसातून बाईचा आवाज आला, "कोण मेलो तो वर? तोंड नाय तुका?"

ती तिच्या परसातल्या विहिरीवर अंघोळीला आली होती. तिथली रीत मला माहीत नव्हती. माडावरून चार परसं दिसतात, म्हणून चढणारा आधी मोठ्याने हाक देतो आणि बाया आत जातात. आमच्याकडे माणूस झाडावर चढताना ओरडत नाही. मी खोडाला मिठी मारून डोळे मिटले. उतरायला पाय हलेनात.

भिकू धावत आला. "नागूचो भाव गे तो! घाटावयलो!"

"मगे बरोबर," ती आतून म्हणाली. "तो पण पयल्या सालाक असोच मुकाट चडललो. मी तेकाही गाळी घातलंय."

भिकू हसायला लागला. मीही, तिथे लटकलेलाच. हसता हसता रडू कधी आलं कळलं नाही. भिकूने खालून एकेक पाऊल खाचेत लावून मला उतरवलं. मुकाट चढणं मात्र त्याने मला शिकवलेलं नव्हतं, आणि दादालाही नव्हतं.

घोंगड्या घेऊन मी परतलो. वाटेत ठरवलं होतं की वहिनीला फारसं सांगायचं नाही. तिने भाकरी वाढली आणि विचारलं, "तिथं हसत व्हते का ते?"

"हसायचा."

"लई?"

"लई. गायचा पण."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "इथं न्हाई कधी गायले," म्हणाली. मग म्हणाली, "माघात मी जाते. माझा भाऊ येईल संगं."

"मी नेतो की."

"नगं. तुमचं बघून झालंय. वाट तेवढी लिहून द्या."

मी लिहून दिली. नाका, कलदार, मोटारीतली जागा, बायकांना उतरायला भिकूचं घर, सगळं. दादाचा माड कोणता ते मात्र लिहिलं नाही. तेवढा एक माझ्याकडे राहावा असं वाटलं.

सकाळी शाळेत जाण्याआधी तिच्याकडून कागद परत मागून घेतला आणि खाली लिहिलं: विहिरीजवळचा, खाचांचा.