धोंडप्पांची झोप, पातळी तिसरी

नाव : श्रीमती बिलकीस जिलानी शेख. पदनाम : सहशिक्षिका, तालुका मुखेड. विषय : सर्व. अतिरिक्त कार्यभार : उर्वरित सर्व. शैक्षणिक साहित्य : स्वनिर्मित शब्दभिंत, एक. उल्लेखनीय कार्य : निरंक.

शब्दभिंत म्हणजे शाळेच्या व्हरांड्यातली काळी रंगवलेली भिंत. वरून आलेल्या पुस्तिकेतला रोज एक शब्द आणि त्याची तीन पातळ्यांची तीन वाक्यं, सोप्याकडून अवघडाकडे, तिथं खडूनं लिहायची. पुस्तिकेत हंस सरोवरात विहार करायचा. मुलांनी हंस पाहिला नव्हता आणि गावचा तलाव मार्चातच आटायचा, त्यामुळं मुलं ती वाक्यं नुसती पाठ करत. चौथीतला मल्लिनाथ तर डोळे मिटून वाचायचा. त्याचे आजोबा, किराणा दुकानवाले धोंडप्पा, यांनी सांगूनच टाकलं होतं की दिवाळीपर्यंत पोरगं वाचायला लागलं नाही तर लातूरच्या वसतिगृहात घालणार. शाळेचा पट वीस. एकोणीस झाला की शाळा बंद करायचा कागद निघायला फार दिवस लागत नाहीत, हे बाईंना ठाऊक होतं.

बाईंनी पुस्तिका कपाटात ठेवली आणि वाक्यं गावातून उचलायला सुरुवात केली. ‘बकरी’ला केरबाची बकरी आली, ती कुणाच्या वालाच्या वेलावर चढली, तेही तिसऱ्या पातळीत आलं. मुलं भिंतीशी दाटी करू लागली. गावातल्या सरजाबाई तर आपलं नाव कधी येणार, हे दोनदा विचारून गेल्या.

सोमवारी शब्द होता ‘झोप’.

मंगळवारी मधल्या सुट्टीत धोंडप्पा आले, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. भिंतीवर आजच्या शब्दाशेजारी कालचं अजून होतं :

मांजर झोपते.
अप्पा दुकानात झोपतात.
अप्पा दुपारी दुकानात झोपतात, तेव्हा गिऱ्हाईक आपल्या हातानं गूळ काढून घेतं आणि आधी चाखून बघतं.

धोंडप्पांनी मुखेडला अर्ज देण्याची भाषा केली. झोपतो हे खोटं नाही, पण एवढी गोष्ट दुसऱ्या पातळीवर थांबवता आली असती, असं त्यांचं म्हणणं.

“चुकलंच, अप्पा,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही तर काल इकडं फिरकला न्हाईत. मग कळलं कसं?”

“मल्लूनं वहीत उतरून आणलं अन् भर दुकानात वाचलं. दोनदा. दुसऱ्यांदा लोकांनी वाचायला लावलं.”

“अडखळला असेल.”

“कुठं अडखळतंय. गुळापाशी थांबून सगळ्यांकडं बघून घेतलं त्यानं.”

हे बोलून झाल्यावर धोंडप्पांना ते ऐकू आलं. मग उद्याचा शब्द कोणता म्हणून विचारलं. ‘शेजारी’ म्हटल्यावर चेहरा उजळला.

“मग आमच्या समोरच्या गुरुपादप्पाचं घ्या, बाई. त्याचं लई हाय. सगळं तिसऱ्या पातळीचंच हाय.”

डिसेंबरात तपासणी पथक आलं. भिंत वाचून त्यांनी शेरा मारला : पुस्तिकेबाह्य वाक्ये आढळून आली, संबंधितांचा खुलासा मागविण्यात यावा. बाईंनी खुलासा दिला.

दिवाळी होऊन महिना झाला होता. पट वीस होता.