ग्वांगझोऊचा फोन

आमच्या घरात मुलीचा फोन यायचा तो आईसाठी. ताप असो, परीक्षा असो, मैत्रिणीशी भांडण असो, मी उचलला तरी तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बाबा, आई कुठेय?" मीही "थांब, देतो" म्हणायचो आणि फोन स्वयंपाकघरात पोचवायचो. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. त्यामुळे ती चीनला शिकायला गेली आणि तिच्याशी बोलायचा एकमेव रस्ता माझ्या फोनमधून जायला लागला, तेव्हा आम्हा तिघांचीही पंचाईत झाली.

मी रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. बावीस वर्षं दुबईतल्या करामाहून रोज जाऊन-येऊन करतोय, आणि त्यातली निम्मी तरी चिनी मालाला शिव्या देण्यात गेली. ते लोक स्वस्तात विकतात, गिऱ्हाईक तिकडे पळतं आणि मीटिंगमध्ये झापलं जातं आम्हाला. अशा माणसाच्या मुलीने सिरॅमिक डिझाइन शिकायला ग्वांगझोऊला जायचं ठरवलं. "बाबा, यू ऑल्वेज सेड दे आर द बेस्ट," असं वर मलाच ऐकवलं. मी असं कधीही म्हटलेलं नाही. त्यांच्यापुढे आपला टिकाव लागणं कठीण आहे, असं म्हटलं होतं. दोन महिने घरात धुसफूस चालली. शेवटी बायको तिच्या बाजूने गेली आणि मी हात टेकले.

रविवारी ती गेली. सोमवारी "रीच्ड. रूम इज ओके" एवढा मेसेज आला. मंगळवारी दुबईच्या सिमवरचं रोमिंग संपलं आणि त्यानंतर सगळं ठप्प. इथे दुबईत मेसेज जातात, पण साध्या ॲपवर इंटरनेट कॉल लागत नाही. त्यासाठी आम्ही सगळे एक वेगळं ॲप वापरतो. ते तिच्याकडे चालेना. तिकडे तर आमचं मेसेजचं ॲपसुद्धा उघडत नाही. तिने नवीन चिनी नंबर घेतला तो ईमेलने कळवला. त्यावर सरळ आयएसडी लावला, तर एक चिनी बाई काहीतरी एका दमात सांगायची आणि फोन कट. मी तिलाही दोनदा मराठीतून झापलं.

रोज एक ईमेल मात्र येत होती, तीही आईला. "ऑल गुड. बिझी विथ रजिस्ट्रेशन." नोटीस बोर्डावर लावावी तशी. आठवडाभर माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. तिचा फोन खरंच लागत नाही, की ती लावत नाही? पहिलं असेल तर ते मशीनचं दुखणं. दुसरं असेल तर ते माझं होतं, आणि का होतं तेही मला माहीत होतं. एअरपोर्टवर तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा मी आशीर्वाद द्यायच्या ऐवजी म्हणालो, "नाही जमलं तर सांग. तिकीट लगेच काढतो." मला ते प्रेमाचं बोलणं वाटलं होतं. तिचा चेहरा मात्र पडला आणि ती मागे न बघता आत गेली. करामाला गाडी लावल्यावर बायको म्हणाली, "निदान आजचा दिवस तरी गप्प बसायचं होतं."

बुधवारच्या ईमेलमध्ये उपाय आला. तिकडे सगळं एकाच चिनी ॲपवर चालतं, ते तुम्हीही घ्या. बायको ऊद मेथाच्या शाळेत शिकवते, आईबापांचे ग्रुप सांभाळते, फोनमधलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिने उत्साहाने घेतलं. नंबर घातला, फोटोचे तुकडे जुळवले, आणि शेवटी ॲपने फर्मान काढलं: तुम्ही खरे आहात हे ओळखीच्या जुन्या सभासदाने स्कॅन करून सांगावं. आमच्या ओळखीत चिनी कोण? बिल्डिंगमध्ये केरळी आहेत, पाकिस्तानी आहेत, फिलिपिनो आहेत, खाली सुदानी आहे. बायकोने तरी चिकाटीने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, तर तिचा नंबर संशयास्पद ठरवून ॲपने तिला बाहेरच काढलं. "मी संशयास्पद?" ती फोनकडे बघत राहिली. अकरावीच्या वर्गात मोबाइल जप्त करणारी बाई ती. राहिला माझा नंबर.

शनिवारी मी शहराबाहेरच्या चिनी बाजारात गेलो. ज्या बाजारात चिनी टाइल्सची दुकानंच्या दुकानं आहेत आणि जिथे पाय ठेवणार नाही असं मी कारखान्यात छातीठोकपणे सांगत आलो, तिथेच. मनात म्हटलं, एवढ्या दुकानदारांत एक तरी स्कॅन करेल. पहिल्याच गाळ्यात नळ विकणाऱ्या माणसाला फोन दाखवला. त्याने ओळखलं, हसला आणि चक्क हिंदीत म्हणाला, "हबीबी, महीने में एक बार. मेरा खलास." म्हणजे एका माणसाला महिन्यात एकाच अनोळखी माणसाची हमी देता येते, आणि याची हमी माझ्याआधीच कोणीतरी घेऊन गेलेलं. दुसरा म्हणाला, आधी काहीतरी घ्या. मी बाथरूमचा आरसा घेतला. मग त्याने स्कॅन करून बघितलं आणि सांगितलं, की त्याचं खातं नवीन आहे, चालणार नाही. आरसा परत घ्यायला तयार नाही. तिसरा जेवत होता. चौथ्याने स्कॅन केलं तोवर फोनवरच्या क्यूआर चौकोनाची मुदत संपली, आणि नवीन चौकोन यायला थोडा वेळ जाऊ द्या, असा हुकूम आला. तो आरसा काखोटीला मारून मी त्या बाजारात दीड तास फिरलो. जिथे तिथे मीच मला दिसत होतो, घामेजलेला आणि चिडलेला.

शेवटी पडद्यांच्या एका दुकानात साधारण माझ्या वयाची बाई भेटली. तिने चष्मा लावला, शांतपणे स्कॅन केलं, दोन बटणं दाबली आणि झालं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला हायसं वाटलं आणि मी गरज नसताना बोलत सुटलो. बेटी ग्वांगझोऊमध्ये आहे, पहिला आठवडा आहे, फोन लागत नाही, उधर नेटवर्क बहुत प्रॉब्लेम.

"ग्वांगझोऊ में नेटवर्क प्रॉब्लेम?" ती म्हणाली. "नहीं. नेटवर्क अच्छा." आणि तिच्या फोनवर तिच्या आईचा व्हिडिओ कॉल लावून दाखवला. कुठल्याशा स्वयंपाकघरात एक म्हातारी भाजी निवडत होती. चित्र इतकं स्वच्छ, की मला पालेभाजीची शीरसुद्धा दिसली. मी म्हातारीला हात हलवला आणि निघालो. गाडीत बसल्यावर मला त्या पडदेवाल्या बाईचाच राग आला.

घरी येऊन लेकीला ईमेल केली, की माझ्या नंबरवर कर. रविवारी सकाळी अकराला तिचा फोन आला. बायको नेमकी खाली भाजी आणायला गेलेली. पडद्यावर लेकीचा चेहरा. केस तेलकट, डोळ्यांखाली काळं.

"बाबा, आई कुठेय?"

"खाली गेलीये. येईल. तू बोल ना."

आम्हाला दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. मग मी विचारलं, "जेवलीस का?" आणि त्या एका प्रश्नाने बांध फुटला. पण ती रडली नाही. ती चिडली. अगदी माझ्यासारखी.

कँटीनमध्ये नोटा घेत नाहीत, फोननेच पैसे द्यायचे. फोनला बँक लागते, बँकेला पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्ट राहण्याच्या परवान्यासाठी पोलिसांकडे जमा. दोन दिवस तिने आईने दिलेला चिवडा आणि गरम पाणी यांवर काढले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या एका केनियाच्या मुलीने स्वतःच्या फोनने हिचं जेवण घेतलं. हॉस्टेलचं दार चेहरा बघून उघडतं. हिचा चेहरा अजून नोंदवलेला नाही, म्हणून दर वेळी वॉचमन येतो, वहीत सही घेतो आणि काहीतरी पुटपुटतो. दुबईतून करून नेलेली मेडिकल मान्य नाही. पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा एक्स-रे. "अँड द होल ओरिएंटेशन वॉज इन चायनीज, बाबा! तीन तास! आय जस्ट क्लॅप्ड व्हेन दे क्लॅप्ड." मातीकामाचा पहिला वर्ग झाला, त्यात तिची वाटी तीनदा कोसळली. बाकीच्या मुली लहानपणापासून हे करतात. हिने दुबईत माती बघितली ती कुंडीतली.

ती बोलत होती आणि माझा पारा चढत होता. माझ्या मुलीला उपाशी ठेवता? सहीसाठी दारात उभी करता? तिला नुसतं ऐकणारं कोणीतरी हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, ती माझ्याकडे दाद मागतेय, आणि काहीतरी करणं हे बापाचं काम.

"पुरे झालं," मी म्हणालो. "मंगळवारी सकाळची फ्लाइट आहे. सीट आहेत. ऊद मेथाला तो डिझाइनचा कोर्स आहे, त्यांची ॲडमिशन अजून चालू आहे. मी विचारून ठेवलंय."

तिने फोन चेहऱ्याजवळ आणला.

"कधी विचारलं?"

मला तेव्हाच थापा मारायला हव्या होत्या. पण मी क्वालिटीचा माणूस, तारीख विचारली की खरी सांगतो. "सोमवारी."

"या सोमवारी? म्हणजे मी लँड झाले त्या दिवशी?"

"अगं, आधी बघून ठेवलेलं बरं म्हणून..."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "डू यू वॉन्ट मी टू फेल?"

पाच दिवस मी काळजी करत होतो, हे खोटं नाही. जेवण जात नव्हतं, कारखान्यात दोन माणसांवर विनाकारण ओरडलो. पण त्या काळजीच्या आत मी कशाची तरी वाटही बघत होतो. तिचा रडका फोन येईल, मी मोठ्या मनाने "ये" म्हणेन, आणि मग जेवताना आम्ही तिघं चायनाच्या नावाने हसू. हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिला होतं, बहुतेक एअरपोर्टपासून.

"नाही गं," मी म्हणालो. पण लगेच नाही म्हणालो.

तिने केस मागे बांधले आणि आईशी बोलताना वापरते त्या समजूतदार आवाजात म्हणाली, "ओके बाबा. आईला सांगा मी छान आहे. मला आता जायचंय, क्लास आहे."

त्या दिवशी रविवार होता.