डॅनीचे दोन हात

डॅनीचा उजवा गुडघा कधीच मेला होता. बाकीचा डॅनी काल गेला.

सौदीतल्या यान्बूहून फहादचा फोन आला. रडत होता. मी म्हटलं, रड नंतर, आधी नीट सांग.

सांगितलं त्याने. झालं.

नात म्हणते फेसबुकवर टाका, कॅम्पमधले जुने लोक वाचतील. मी बोलतोय, ती टाईप करतेय. फुलं-बिलं लावू नकोस म्हटलंय तिला.

तर डॅनी. अमेरिकन माणूस. आमच्या प्लांटवर क्रेनवाल्यांना सेफ्टी शिकवायचा. लंगडत लंगडत.

त्याआधी तो फुटबॉल खेळायचा. पगारावर. मिडफिल्डर.

एकदा क्रेनच्या सावलीत जेवताना मी विचारलं, "किती वर्षं खेळलास?"

"एक सीझन, चाचा. दुसरा अर्धा."

"बस?"

अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश बोलायचा तो. मी आपलं मराठीत सांगतो.

"मी नवीन होतो. एका जुन्या प्लेअरची जागा मला दिली. प्रॅक्टिसमध्ये तो मागून आला आणि पाय घातला. खलास."

"हरामखोर."

"नाही चाचा. त्याला दोन पोरं होती. भाड्याचं घर होतं." मग जेवायचा थांबला. "टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं तो करणार. कोणीच स्टॉप म्हटलं नाही."

म्हणूनच असेल, ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट तो घोटून घ्यायचा.

दोन्ही हात बाजूला ताठ. तळवे खाली. आडवे हलवायचे. इमर्जन्सी स्टॉप.

हा इशारा कोणीही द्यावा, मॅनेजरने नाहीतर झाडूवाल्याने. दिसला की ऑपरेटरने त्या सेकंदाला लिव्हर सोडायचा. का, ते नंतर विचारायचं. आणि देणाऱ्याने ऑल क्लियरची शिट्टी होईपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत. वर लोड लटकत असतो, खाली माणूस असतो.

मग ते सौदायझेशन आलं, बाहेरच्यांच्या जागी सौदी माणसं. ट्रेनिंगला सौदी पोरं आली. फहाद त्यातलाच. पोरगा चांगला, कामाला भ्यायचा नाही.

आमच्या इम्तियाजला ऑफिसात बोलावून सांगितलं, तुझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू होणार नाही. तुझ्या क्रेनवर फहाद बसेल.

इम्तियाज माझ्या गावचा, दापोलीकडचा. त्या क्रेनवर त्याची अख्खी जवानी गेली. दोन बहिणींची लग्नं बाकी होती.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, फुटबॉलची मॅच होती. ऑपरेटर विरुद्ध ट्रेनी. फहाद मिडफिल्डला.

मेसमध्ये कानावर आलं, इम्तियाज फहादचा पाय मोडणार आहे. आणि पोरं हसतायत!

मी डॅनीला सांगितलं. दोघं गेलो इम्तियाजच्या खोलीवर.

मी म्हटलं, "इम्त्या, सौदी पोराचा पाय मोडलास तर इथल्या जेलात सडशील. बहिणींना कोण बघेल?"

त्याने माझ्याकडे पाठ केली. डॅनीला म्हणाला, "माझं काम त्याला तू शिकवलंस ना? आता पडायला पण शिकव."

मॅच रद्द करा म्हणून सांगायला गेलो, तर मोठे साहेब पाहुणे घेऊन आलेले. खुर्च्या मांडलेल्या. कोण ऐकतंय.

रेफ्री मी. नियम अर्धेच ठाऊक, पण साईटवर रिगिंगची, म्हणजे लोड बांधून उचलायच्या वेळची, शिट्टी माझ्याकडे असायची, म्हणून मीच.

अस्रच्या नमाजानंतर, दुपार कलल्यावर मॅच सुरू. वारा सुटलेला, तोंडात वाळू. बॉल कुठे आहे ते मी बघतच नव्हतो. इम्तियाजवर डोळा.

जवळून गेला तेव्हा म्हटलं, "बघतोय मी तुला."

"चाचा, तुम्ही शिट्टी वाजवा."

पहिला हाफ गेला. काही नाही. मला वाटलं, थंड झाला.

नव्हता झाला. फहादने मैदानाच्या मध्यावर बॉल घेतला, पाठ इम्तियाजकडे. आणि हा मागून सुटला. बॉलकडे बघतच नव्हता. फहादच्या पायाकडे बघत होता.

मी शिट्टी फुंकली. रोज साईटवर दिवसभर शिट्ट्याच ऐकणारी माणसं ती. कोण थांबतो.

तेवढ्यात लाईनीवरून डॅनी आत घुसला. त्या गुडघ्यावर धावत. इम्तियाजच्या समोर, फहादच्या पलीकडे उभा राहिला.

दोन्ही हात बाजूला. तळवे खाली. आडवे.

सगळे थांबले. दोन्ही टीम. जिथे होते तिथे. बॉल एकटाच गडगडत लाईनीबाहेर गेला.

इम्तियाजने पाय रोवले, घसरला, ढुंगणावर आपटला आणि वाळूतून सरकत फहादच्या बुटाला येऊन टेकला.

पाहुणे हसले. त्यांना गंमत वाटली.

मी जवळ गेलो. इम्तियाज वाळूतच बसलेला. म्हणाला, "चाचा, हात आपोआप सुटला." पाय नाही, हात म्हणाला, लिव्हरवरचा. क्रेनवरच होता तो अजून.

फहादला काहीच कळलं नव्हतं. त्याने हात देऊन इम्तियाजला उठवलं.

डॅनी तसाच उभा. गुडघा वाकडा झालेला, चेहरा पांढरा. मी म्हटलं, "झालं रे, बस आता."

"शिट्टी, चाचा. ऑल क्लियर दे."

मी शिट्टी मारली तेव्हा त्याने हात खाली घेतले. मग पडला.

इकामा काही वाचला नाही. पण इम्तियाज स्वतःच्या पायाने, स्वतःच्या पासपोर्टवर घरी गेला. बहिणींची लग्नं लावली. पुढे डॅनीची जागाही सौदीला दिली. हूं की चूं न करता बॅग भरून गेला.

फहाद आता ट्रेनिंग देतो. काल फोनवर विचारलं, पाय कसे आहेत? म्हणाला, दोन्ही चांगले, चाचा.

इम्तियाज, वाचलंस तर घरात दुआ कर. इथे खाली मोठं काही लिहू नकोस.

डॅनी, चाचाने शिट्टी मारली रे. हात खाली घे आता.