पहिल्या नावावरचं आमेन

उपासना संपताना पाळकसाहेब दोन्ही हात वर करून आशीर्वाद देतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन नावं घेतात आणि मग सगळी मंडळी एका सुरात आमेन म्हणते. आमचे मिस्त्री पहिलं नाव ऐकलं की खणखणीत आमेन म्हणायचे आणि खाली बसायचे. उरलेली दोन नावं बाकीच्यांनी उभ्यानं ऐकायची. पोरं फिदीफिदी हसायची, पंचमंडळी दातओठ खायची आणि बायकांच्या बाजूला त्यांची बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

तुम्ही म्हणाल, जैन माणसाचं चर्चमध्ये काय काम? सांगतो. मिरज रस्त्याला माझं दगडाचं दुकान आहे. उंबरे, ओटे, देवळाच्या पायऱ्या आणि नावाच्या पाट्या. मिस्त्री माझ्याकडं अक्षरं कोरायला होते. मशीन आलं तरी मी त्यांना सोडलं नाही. खरं म्हणजे त्यांनी मला सोडलं नाही. कबरीवरच्या दगडांचं काम त्यांच्याच ओळखीनं यायचं. मग नाताळाला, लग्नाला, मयताला त्यांच्या मंडळीत जाऊन बसणं आलंच.

"बाप एकच हाय, मालक," हे त्यांचं पालुपद. छिन्नीला धार लावली की म्हणायचे, चहा संपला की म्हणायचे.

एकदा मी मुद्दाम खोडी काढली. "मग येशू कोण?"

"ल्योक. बापानं धाडल्याला. त्येच्या पायावर डोकं ठिवीन मी, पर बाप त्यो न्हवं. क्रुसावर जायच्या आदल्या राती बागंत गुडगं टेकून त्यो कुणाकडं मागत हुता? सोताकडंच?"

"आणि पवित्र आत्मा?"

"बापाचा श्वास. तुमचा श्वास म्हंजे तुमच्या शेजारी बसल्याला दुसरा माणूस व्हय?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. तरी मी शेजारी बघून घेतलं.

आमच्यात जग कुणी केलं असं मानतच नाहीत, त्यामुळं एक की तीन हा तंटा मला परक्याच्या भाऊबंदकीसारखा वाटायचा. बाजूला बसून मजा बघायची. आणि मजा व्हायची ती दुपारी, मिस्त्रींची बायको डबा घेऊन आली की. ती पक्की तीनवाली.

"आवं, तुमचा बाप एकटा," ती भाकरी वाढता वाढता म्हणायची. "जग करायच्या आदी बोलत कुणाशी हुता त्यो? घर खायाला उठलं नसंल त्येला?"

मिस्त्री भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचे. उत्तर सुचायला त्यांना दुसरा दिवस उजाडायचा, तोवर तिनं नवा प्रश्न काढलेला असायचा. मूलबाळ नव्हतं. हाच त्यांचा संसार.

आता त्यांची एक खोड सांगितली पाहिजे. कबरीच्या दगडावर वरच्या ओळीत तीन नावं लागतात. मिस्त्री पहिलं नाव खोल कोरायचे आणि पुढची दोन वरवर. रंग भरला की सगळं सारखंच दिसायचं. चार-पाच पावसाळे गेले की रंग उडायचा आणि दगडावर एकटा पिता उरायचा. गिऱ्हाइकं माझ्या नावानं शंख करत यायची. मी मिस्त्रींना फैलावर घेतलं की ते शांतपणे म्हणायचे, "पुसलं त्ये पावसानं. माजा काय दोष?" लबाड होते, पण गोड लबाड.

बायको गेली तेव्हा मात्र त्यांनी सगळं तिच्या मनासारखं होऊ दिलं. पाळकसाहेबांनी तिन्ही नावांनी तिला मातीत दिलं. मिस्त्री शेवटपर्यंत उभे राहिले, आमेन कुठंच म्हणाले नाहीत. तिच्या दगडावरची तिन्ही नावं त्यांनी सारखीच खोल कोरली. मी बघत होतो. "ती वाचणार हाय न्हवं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी दुपारी ते कबरीपाशी जाऊन बसू लागले. एकदा दुसऱ्या एका दगडाचं माप घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो. भर दुपार, ऊन रणरणतंय, झाडाचं पान हलत नाही. मिस्त्री तिच्याशी बोलत होते, आणि मध्येमध्ये थांबत होते. माणूस समोरच्याचं ऐकायला थांबतो, तेवढंच. मग मान डोलवून पुढं बोलायचे.

"काय म्हणते?" मी थट्टेनंच विचारलं.

"अजून दारातच हाय," ते म्हणाले. दवाखान्यातल्या माणसाची खबर सांगावी, तसं. "तिनं तिगांच्या नावानं हाक मारली. आत हाय एकटाच. त्येला वाटतंय, दुसऱ्या कुणाकडं आलीया."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तेवढ्यात ते दगडाकडं वळून म्हणाले, "त्ये मालकांस्नीच इचार की."

आणि मी हो म्हणालो. खरं सांगतो, कुणी काही विचारलेलं मला ऐकू आलं नव्हतं. पण विचारलं गेलं होतं, आणि उत्तर माझ्या तोंडून निघून गेलं होतं. मिस्त्रींनी समाधानानं मान हलवली. मी कशाला हो म्हणालो, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही. त्या दिवशी माप चुकीचं घेऊन आलो.

पुढं त्यांची छाती बिघडली. दगडाची धूळ, दुसरं काय. डॉक्टरांनी आशा सोडली तशी त्यांना एकच काळजी लागली. तिच्या कबरीशेजारची जागा मोकळी होती, ती त्यांना हवी होती. पंच म्हणाले, देऊ की, पण मंडळीपुढं उभं राहून त्रिएक, म्हणजे तिघं मिळून एक अशा, देवाची कबुली द्या. आयुष्यभर आमचा आशीर्वाद अर्धा तोडलात, आता एकदा तरी पुरा म्हणा. पंचांचंही मला फार चुकलं असं वाटत नाही.

त्या रविवारी मी मागच्या बाकावर होतो. मिस्त्री काठी टेकत पुढं गेले. पाळकसाहेब तरुण, मायाळू माणूस. मी म्हणतो तसं माझ्यामागं म्हणा, म्हणाले. पिता, म्हणाले.

"पिता," मिस्त्री म्हणाले.

पुत्र, पाळकसाहेब म्हणाले.

पंखे फिरत होते. मिस्त्रींनी बायकांच्या बाकांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले, आणि मला मनापासून वाटलं, म्हणून टाका हो, तीन शब्दांनी कोणाचं काय जातंय! पण त्यांनी हात जोडले. "माज्यानं न्हाई व्हत, सायेब," म्हणाले आणि काठी टेकत बाहेर आले.

बाहेर मी चिडलोच. "अहो, शेजारी निजायला मिळालं असतं!"

"खोटं बोलून शेजारी निजलो तर तिलाच आदी कळंल, मालक. जन्मभर भांडली ती, खऱ्यासाठी भांडली." मग दम खाऊन म्हणाले, "आन आत जाऊन सांगाया कुणीतरी पायजे की न्हाई? दारात हुबी हाय ती आमची हाय म्हणून."

"आणि आत नाही घेतलं तिला?"

उद्या सांगतो, म्हणाले. दुसरा दिवस तापातच गेला, आणि त्या आठवड्यातच ते गेले.

त्यांना कुंडलला पुतण्याच्या रानात पुरलं, बांधाच्या कोपऱ्यात. ती राहिली तिकडं, हे इकडं. पाळक नाही, मंडळी नाही. आम्ही चार-पाच माणसं. पुतण्यानं पित्याचं नाव घेतलं आणि त्याला रडू फुटलं, पुढचं काही बोलता येईना. कुणीतरी आमेन म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो. माझ्या घरी अजून सांगितलेलं नाही.

माती बसायला वेळ द्यावा लागतो. पावसाळ्यानंतर मी दगड टेम्पोत घालून घेऊन गेलो. पुतण्या ऊस घालवायला कारखान्यावर गेला होता. ड्रायव्हरनं आणि मी मिळून दगड आडवा बसवला. शेजारच्या रानात एक बाई भांगलत होती. अनोळखी, आमची कुणाचीच माहिती असण्याचं तिला कारण नव्हतं. ती खुरपं घेऊन बांधावर आली आणि उभी राहिली.

"त्या म्हातारीचं तुमी कोण?" तिनं विचारलं.

"कोणती म्हातारी?"

"ही कबरीपाशी बसती ती. दुपारची भांडत असती. अशी तीन बोटं नाचवती आतल्याम्होरं. मग गप ऐकती. मग हासती."

ड्रायव्हर टेम्पोकडं चालायला लागला.

"आणि मग जाते कधी?" मी कसंबसं विचारलं.

बाईनं माझ्याकडं बघितलं, मग दगडाकडं बघितलं.

"जाती कुठं? ही काय, बसलीया न्हवं," ती म्हणाली. "तुमी तिच्या पदरावर दगड ठिवलासा."

ड्रायव्हरला मी परत हाक मारली. दोघांनी मिळून दगड उचलला आणि वीतभर बाजूला घेतला.