तीन नंबरचा गोलकीपर

फुटबॉलचा सीझन चालू असतो तेव्हा किस्से होत नाहीत, मॅच होतात. हरलो किंवा जिंकलो, विषय संपला. किस्से साठतात ते सीझन संपल्यावर. टीम कित्येक महिने घरी बसते. मधूनच एका ओळीची बातमी येते, अमक्याला सोडलं, तमक्याला ठेवलं. त्या एका ओळीवर आमच्या शेडमध्ये आठवडा निघायचा. मॅचवर एवढी चर्चा आम्ही कधीच केली नाही!

शेड म्हणजे घोलवडची चिकू पॅकिंगची शेड. २०१४ ला डहाणूच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि तिथे कॉम्प्युटरवर बिलं करायला लागले. वजनकाट्याने 'टूं' केलं तरी मी दचकायचे, त्यामुळे पहिला आठवडा फार कठीण गेला. दुसऱ्या आठवड्यात कळलं की काट्यापेक्षा माणसं जास्त ओरडतात, आणि तीही फुटबॉलवरून.

आमची टीम मुंबईची. मालक जयंतीभाई तिचे पहिले भक्त. त्यांनी ऑफिसात टीव्ही लावला तो भाव बघायला, असं ते बायकोला सांगत. बॉक्स भरणारे काशिनाथकाका डहाणूच्या मच्छीमार घरातले. गोलच्या जाळीत त्यांना फुटबॉलपेक्षा जास्त रस होता. टेम्पोवाला सुरेश तलासरीचा. आणि चिकू निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम मंदाताई.

मंदाताईंचं माहेर रानशेत. त्यांचा धाकटा भाऊ सुनील हा आमच्या टीमचा गोलकीपर! म्हणजे तीन नंबरचा. पहिल्याला लागलं तर दुसरा उभा राहणार, दुसऱ्यालाही लागलं तर सुनील. तसं कधी झालं नव्हतं. तो लहानपणी वाडीत झाडाखाली उभा राहायचा आणि वरून निसटलेले चिकू झेलायचा, कारण जमिनीला लागलेला चिकू दोन दिवसांत आतून काळा पडतो. मंदाताई म्हणायच्या, "माझ्या भावाच्या हातून चिकू सुटला नाही, बॉल काय सुटणार? पण येऊ तर द्या त्याच्याकडे!"

*

पहिल्या उन्हाळ्यात जयंतीभाईंनी पुढच्या सीझनची टीम टेबलावर मांडली. खरेखुरे चिकू घेऊन. अकरा चिकू टेबलावर, राखीव खेळाडू बाजूच्या क्रेटमध्ये. येणारा जाणारा त्यात बदल करायचा. सुरेश डाव्या बाजूचा डिफेंडर पुढे सरकवायचा, काशिनाथकाका त्याला परत मागे आणायचे. कॅप्टनवरून तर रोज भांडण. जयंतीभाई म्हणत तो संपलाय, सोडून द्या. बाकी सगळे म्हणत अजून दोन वर्षं सहज खेळेल.

एक दिवस दिल्लीचा व्यापारी माल बघायला आला. त्याला वाटलं टेबलावर सॅम्पल मांडलंय. त्याने एकेक उचलून वास घेतला, कॅप्टनला अंगठ्याने दाबलं आणि तोंड वाकडं केलं.

"सेठ, ये वाला तो अंदर से गया हुआ है."

जयंतीभाई खुर्चीतून उठले. "हेच! हेच मी चार दिवस सांगतोय या लोकांना!"

व्यापाऱ्याने आमचा गोलकीपर खाल्ला आणि भाव पाडून गेला.

त्यानंतर मंदाताईंनी राखीव क्रेटमध्ये हात घातला. सुनीलचा चिकू तिथे पडून पडून मऊ झाला होता. त्यांनी तो तळहातावर घेऊन जरा वेळ बघितला.

"बसून बसून असंच होतं," म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

*

पुढच्या वर्षी परदेशी स्ट्रायकर आणला. टीमच्या पेजवर त्याचा फोटो आला. भुरे केस, हसरा चेहरा, हातात आमची जर्सी. जयंतीभाई इतके खूश की शेडमध्ये सगळ्यांना फोटो दाखवत फिरले. शेवटी मंदाताईंकडे आले.

त्यांनी फोटो वरखाली बघितला. "पाय कुठेत?"

"अरे ताई, चेहरा बघा ना, केवढा कॉन्फिडन्स!"

"शेठ, फळाचं तोंड बघून तुम्ही कधी माल घेतलात? देठ बघता ना? मग याचे गुडघे दाखवा."

मग अख्खी शेड कामधंदा सोडून त्या माणसाचे गुडघे शोधायला लागली. नेटवर त्याचे समुद्रावरचे, हॉटेलातले, कुत्र्याबरोबरचे फोटो सापडले. सगळे कमरेपासून वर. मला ते काही चांगलं लक्षण वाटेना, पण मला कुठलंच लक्षण चांगलं वाटत नाही म्हणून मी गप्प राहिले.

पहिल्याच मॅचला तो लंगडत बाहेर आला. कॅमेऱ्याने जवळून दाखवलं. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या.

मंदाताई म्हणाल्या, "सापडले."

*

माझा किस्सा नाइलाजाने सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्यांदा मी ऑफिसात मॅच बघायला बसले तेव्हा हातात चहाचा ट्रे होता. आमचा गोल झाला, सगळे एकदम ओरडले, आणि ट्रे माझ्या हातातून जो गेला तो थेट पंख्याला लागला. जयंतीभाईंच्या पांढऱ्या शर्टवर चहा, काशिनाथकाकांच्या टकलावर चहा, भिंतीवरच्या देवावर चहा. दुसऱ्या टीमने त्याच मिनिटाला गोल केला, तो कोणी पाहिलाच नाही.

तेव्हापासून नियम झाला. पेनल्टी आली की मी डोळे मिटायचे, कानात बोटं घालायची, आणि जे काय व्हायचं ते होऊन गेलं की मंदाताईंनी माझ्या खांद्याला हात लावायचा. हाताच्या दाबावरूनच मला कळायचं, गेला की राहिला.

*

दुसरा नियम सुरेशमुळे झाला. टीमने त्याचा लाडका डावा डिफेंडर सोडला आणि गोव्याच्या टीमने घेतला. सुरेश त्या डिफेंडरसकट गोव्याला गेला. म्हणजे मनाने. टेम्पो आमचाच चालवायचा.

जयंतीभाईंच्या मनाला फार लागलं. त्यांनी जाहीर केलं, जो आपल्या टीमचा नाही त्याने ऑफिसात बसायचं नाही. खुर्ची उचलायची आणि बाहेर ओट्यावर मांडायची. खिडकीतून दिसेल तेवढं बघायचं.

सुरेशने खरंच खुर्ची उचलली. दोन सीझन तो ओट्यावर बसला. खिडकीतून त्याला अर्धंच मैदान दिसायचं. उजवीकडे काय झालं ते आमच्या चेहऱ्यांवरून ओळखायचा आणि आमचे चेहरे पडले की तिकडून टाळ्या वाजवायचा. चहा त्याला मिळायचा, पण सगळ्यात शेवटी.

मी एकदा म्हटलं, "सुरेशदादा, या ना आत, डास चावतात तिथे."

तो म्हणाला, "मयुरी, टीमने चूक केली, मी नाही. सॉरी म्हणायला सांग त्यांना."

*

दर उन्हाळ्यात खरी धाकधूक सुनीलची. त्याचा करार वर्षावर्षाचा. ठेवणार की सोडणार? काशिनाथकाकांनी महालक्ष्मीला नारळ बोलून ठेवलेला. जयंतीभाई टीमच्या पेजवर प्रत्येक पोस्टखाली एकच कमेंट टाकायचे, 'सुनीलला ठेवा'. पोस्ट गुढीपाडव्याच्या शुभेच्छांची असली तरी.

२०१७ ला बातमी आली. ठेवला! शेडमध्ये क्रेट वाजवले, सायवनहून माल घेऊन आलेल्या बागायतदारालाही पेढा मिळाला. त्या बिचाऱ्याला वाटलं भाव वाढला.

मंदाताईंनी मात्र पेढा कागदासकट तसाच टेबलावर ठेवला.

"ताई, खा ना. ठेवला त्याला."

"ठेवला म्हणजे काय, बसवून ठेवला. शेठ, बसायला माझ्या घरी ओटा आहे." त्या हळू बोलत होत्या. "तीन वर्षं झाली. एकदा तरी तो उभा राहिलेला दिसू दे मला. मग ठेवा, सोडा, काय पाहिजे ते करा."

आम्ही एवढे महिने ज्याच्यासाठी नारळ बोललो होतो ते त्यांना नकोच होतं, हे त्या दिवशी कळलं. जयंतीभाईंना तर पटेचना. टीमने सोडावं असं कुठला भक्त म्हणेल?

*

तरी पुढच्या उन्हाळ्यात जयंतीभाईंनी स्वतःच्या डोक्याने एक काम केलं. टीमच्या ऑफिसला एक नंबर चिकूचे दहा बॉक्स पाठवले. सोबत चिठ्ठी, 'रानशेतच्या सुनीलकडे लक्ष असू द्या'.

फक्त चिकू आजच तोडलेले आहेत, चार दिवस ठेवून खा, हे सांगायचं राहिलं. आम्हाला ते सांगावं लागतं हेच आठवत नाही. आमच्याकडून माल दगडासारखाच जातो, पिकवणं हे व्यापाऱ्याचं काम.

संध्याकाळी सुनीलचा फोन. सरावानंतर सगळ्यांनी हौसेने एकेक चिकू चावला होता. कच्च्या चिकूच्या चिकाने कोचपासून मसाजवाल्यापर्यंत सगळ्यांचे ओठ चिकटले. नवा कोच परदेशी. त्याला वाटलं विषबाधा झाली.

"चिठ्ठीत माझं नाव कोणी लिहिलं?" सुनील विचारत होता.

महिन्याभरात बातमी आली. सोडला.

जयंतीभाई दोन दिवस जेवले नाहीत. सगळं माझ्या चिकूने झालं, एवढंच म्हणायचे. आणि तिसऱ्या दिवशी मंदाताई स्वतः पेढे घेऊन आल्या. आम्ही ते तेराव्याला जेवतात तसे खाल्ले. एकट्या त्याच हसत होत्या.

पुढे मात्र त्यांचंही हसणं कमी होत गेलं. एकेक टीमची भरती संपत आली, सुनीलला कोणाचा फोन नाही. तो रानशेतला परत आला होता, वाडीत काठी घेऊन चिकू उतरवत होता. आपण देवाकडे काय मागून बसलो, असं निवडताना मंदाताईंच्या तोंडावर दिसायचं. फोन वाजला की आता माझ्याआधी त्या दचकायच्या.

सीझन सुरू व्हायला थोडेच दिवस असताना पूर्वेकडच्या एका टीमने त्याला घेतलं. कितव्या नंबरचा, हे विचारायची आमची कोणाची छाती झाली नाही.

*

त्या सीझनमध्ये त्यांची आणि आमची मॅच लागली. दुपारी सुनीलचा मंदाताईंना फोन आला. त्यांच्या पहिल्या गोलकीपरचा खांदा दुखावलाय, दुसरा तापाने पडलाय.

मंदाताईंनी फोन ठेवला, बाकीचं निवडून संपवलं, हातपाय धुतले. संध्याकाळी ऑफिसात आल्या, आपली खुर्ची उचलली आणि ओट्यावर सुरेशच्या शेजारी नेऊन मांडली.

"ताई, तुम्ही आत बसा," जयंतीभाई घाईने म्हणाले. "तुम्हाला नाही तो नियम."

"नियम तुमचाच आहे ना, शेठ?"

मॅच सुरू झाली. सुनील मैदानात उभा होता, हिरव्या जर्सीत, टीव्हीत दिसतो तेवढाच. आम्ही आमच्या टीमसाठी ओरडायचं ठरवलं होतं, पण आवाज धड निघत नव्हता. आमचा शॉट त्याने अडवला की काशिनाथकाका "अरेरे" म्हणायचे, ते कुठल्या बाजूने हे कळायचं नाही. खिडकीतून मंदाताईंचं फक्त डोकं दिसत होतं. नेमका सुनीलचा गोल उजवीकडे होता, त्यांना तिथून न दिसणारा. त्या आमच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या.

हाफ टाइमनंतर बाजू बदलल्या. आता तो त्यांच्या अर्ध्यात आला.

मॅच संपत आली, शून्य-शून्य, आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. घ्यायला आला तो आमचा स्ट्रायकर, ज्याला सोडू नका म्हणून जयंतीभाईंनी सुनील गेल्यावर उरलेला उन्हाळा कमेंटी टाकल्या होत्या. शिट्टी तोंडाशी गेली. मी डोळे मिटले, कानात बोटं घातली आणि वाट बघत बसले.

खांद्याला हात लागला नाही.

थोडा वेळ थांबले. मग आठवलं की हात लावणाऱ्या मंदाताई बाहेर आहेत. आणखी थांबले. शेवटी एक डोळा उघडला.

ऑफिसात कोणी नव्हतं. टीव्ही एकटाच चालू होता. जयंतीभाईंची गादीची खुर्चीसुद्धा जागेवर नव्हती.

मी कानातली बोटं काढली. ओट्यावरून जयंतीभाईंचा आवाज आला. "मंदाताई, थोडं सरका ना. मला इथून अर्धंच मैदान दिसतंय."

मी माझी खुर्ची उचलली.