फक्त वैशालीचीच वेळ

भुतंखेतं, करणी, नजर... मी यातलं काहीच मानत नाही. डिस्काउंट होता म्हणून अमावस्येला स्कूटी घेतलेली बाई मी. पण हे माझ्याच हातून घडलंय, म्हणून लिहितेय.

नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अकरा वर्षं मी कॉम्प्युटर सांभाळते. हजेरीच्या पंचिंग मशीनला वेळ आमच्या सर्व्हरवरून जाते. दोन वर्षांपूर्वी पारनेरची वैशाली माझ्या हाताखाली आली, आणि साहेबांच्या तोंडी दिवसभर वैशाली, वैशाली! इन्चार्जची जागा निघाली तेव्हा साहेब म्हणाले, "या महिन्यात तुम्हा दोघींपैकी जिचा एकही लेटमार्क नसेल, तिला देऊ. दोघींचा नसला, तर वैशालीला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं मी काय गवत उपटत होते?

महिन्याचा शेवटचा दिवस; तोवर दोघींचाही एकही लेटमार्क नव्हता. ती पावणेनऊला येते, लेटमार्क नऊनंतर. साडेआठला मी सर्व्हरचं इंटरनेटवरून वेळ जुळवणं बंद केलं आणि काळ्या स्क्रीनवर तारीख-वेळ बदलणारी 'डेट' ही कमांड देऊन घड्याळ वीस मिनिटं पुढे ढकललं. नुसतं 'डेट' टाईप करून खात्री केली — आठ पन्नास. यात बाकीचेही भरडले जाणार, हे कळत होतं... तरी केलं.

वैशाली आली, पंच केलं. "ताई, चहा झाला का?" मी नुसती मान हलवली.

नंतर वेळ पूर्ववत करून यादी उघडली. पंचिंगच्या रांगेत तिच्या पुढे असलेले शिंदेमामा — नऊ चार. तिच्या मागचा फिटर — नऊ सहा. आणि मधे वैशाली — आठ पंचेचाळीस.

तीनदा यादी काढली. तेच.

दुपारी तीच साहेबांकडे गेली. "मामांचा लेटमार्क काढा साहेब, ते माझ्या पुढंच हुते." सगळ्यांचे लेटमार्क निघाले. वर मला म्हणते, "मशीनच येडं झालं हुतं ताई, तुमी नका जिवाला लावून घेऊ."

जागा तिलाच मिळाली.

सॉफ्टवेअरवाल्याला मी आडून विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, घड्याळ एकच हाय. एकाच माणसाची वेळ वेगळी पडूच शकत न्हाई." यापुढे मलाही काही सांगता येत नाही.

पण खरं सांगू? मला भीती नाही वाटली... जळफळाट झाला. साहेबांना ती आवडते, हे एक वेळ समजू शकते मी. पण त्या घड्याळालाही तीच आवडावी?