हॅलोमावशी फोन ठेवत नाही

आमच्या हॅलोमावशीला फोन करायचा तर हातातली कामं आधी उरकून घ्यावीत, असा आमच्या घराण्याचा अलिखित नियम आहे. मावशी फार बोलते म्हणून नव्हे. ती बोलते बेताचंच. पण ती फोन ठेवत नाही. आपण "बरं मावशी, ठेवतो" म्हणतो, ती "हो रे" म्हणते, आणि मग पलीकडे नुसती शांतता. मधूनच भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज येतो, काका खोकतात. मावशी आहे. आपण ठेवेपर्यंत ती असणारच.

ही खोड तिला नोकरीनं लावली. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्सचेंजवर मावशीने उभी हयात बसून काढली. तळघरात, औषधांच्या गोदामाला चिकटून, खिडकी नसलेली एक खोली. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्यावर लुकलुकणारे दिवे, आणि टेबलावर चहाच्या कपांनी उमटवलेली वर्तुळं. तिथल्या बायकांचा आपसातला एक रिवाज होता: आपण आधी ठेवायचं नाही. कारण इस्पितळात फोन करणारा माणूस आधी भेटायच्या वेळा विचारतो, मग गाडी कुठे लावायची ते विचारतो, आभार मानतो, "ठेवतो" म्हणतो, आणि जरा थांबून, आवाज उतरवून विचारतो, "बाई, ती शुद्धीवर आली का हो?"

खरी गोष्ट नेहमी 'ठेवतो'च्या पुढे असते, असं मावशीचं म्हणणं आहे. ते ऐकून आम्ही भाचरं हसायचो. आता हसत नाही, त्याचं कारण बँक.

पण बँकेच्या आधी काका. मावशीचे यजमान रविवारी बागेतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. आम्ही लहानपणी त्या वाद्याला पिपाणी म्हणायचो, म्हणून ते पिपाणीकाका. लग्न झाल्यापासून मावशी त्या पिपाणीच्या नावानं बोटं मोडत आली. "दिवसभर इस्पितळात लोकांचं कण्हणं ऐकायचं, आणि घरी आलं की हे," असं ती चारचौघांत सांगायची आणि काका कौतुक झाल्यासारखे हसायचे.

मग काकांचे वरचे दात गेले. एकेक करून, कुरकुरत, आणि शेवटचे काही दंतवैद्याने एकदम काढले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकवून धरावं लागतं. दात नाहीत तर आधार नाही, आणि आधार नाही तर नुसती हवा. घर शांत झालं. मावशीला हवी होती तशी शांतता अखेर मिळाली, आणि आठवड्याभरात ती शांततेला कंटाळली. काका बंद पेटीकडे बघत बसायचे आणि ही भाजी चिरता चिरता त्यांच्याकडे. त्यात एक सॅक्सोफोनवाला काकांच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता, आणि महिनाअखेरपर्यंत वाट बघू, असं बँडमास्तर सांगून गेले होते.

कवळी करायची ठरली. अर्धे पैसे आधी, अर्धे दात हातात पडल्यावर. काका पैसे काढायला गेले तेव्हा यंत्राच्या पडद्यावर चांगला घसघशीत आकडा दिसला. त्यांना वाटलं, पेन्शन या वेळी लवकर आली. त्यांनी मनातल्या मनात सरकारला शाबासकी दिली आणि पैसे काढले. पेन्शन आलेली नव्हती. तो आकडा होता 'वापरता येईल' अशा रकमेचा. म्हणजे खात्यात पैसे नसले तरी बँक आपण होऊन उसने देते, तेही धरून. याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. शेजारणीने न मागता वाटीभर साखर आणून द्यावी आणि दुसऱ्या दिवसापासून वाटीचं भाडं लावावं, तसला हा जिव्हाळा.

भाडं लागलंच. खातं शून्याखाली गेलं म्हणून शुल्क. त्या शुल्काने ते आणखी खाली गेलं म्हणून पुन्हा शुल्क. मग विजेचं बिल आपोआप भरलं गेलं, त्याचं वेगळं. पेन्शन जमा झाली तेव्हा बँकेने आपला वाटा काढून घेतला, आणि कवळीच्या उरलेल्या अर्ध्या पैशांतला बराचसा भाग त्यात गेला. दात तयार होते. दंतवैद्याच्या कपाटात, काचेच्या दाराआड, काका नसताना हसत होते.

मी भाचा असल्यामुळे आणि चार शब्द लिहिता येत असल्यामुळे पुढे सरसावलो. बँकेला एक खरमरीत पत्र धाडलं, त्यात 'लूट' हा शब्द दोनदा घातला. "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" असं उत्तर आलं. मग आम्ही तिघं शाखेत गेलो. तिथे भिंतीवर एका वृद्ध जोडप्याचं भलंमोठं चित्र होतं, दोघंही बत्तिशी दाखवत खिदळत असलेले. काका नंबर येईपर्यंत त्या म्हाताऱ्याच्या वरच्या दातांकडे बघत राहिले. काउंटरवरचा साहेब सज्जन होता. शुल्काचं शाखेच्या हातात काही नाही, ग्राहक सेवेला फोन करा, एवढं सांगून त्याने खिन्नपणे नंबर लिहून दिला.

फोन म्हटल्यावर मावशीने पदर खोचला.

"आता तू मध्ये बोलू नकोस," तिने मला बजावलं. "आणि अहो, तुम्ही खोकू नका."

फोन स्पीकरवर ठेवून ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ताठ बसली, बोर्डासमोर बसायची तशी. आधी ध्वनिमुद्रित बाई बोलली: सेवेच्या गुणवत्तेसाठी आपला कॉल रेकॉर्ड केला जाईल, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन. मावशी तिला प्रत्येक वाक्यागणिक "बरं", "हो" म्हणत होती. अगं, ते यंत्र आहे, असं मी खुणेने सांगितलं. तिने हाताने मला गप्प केलं. कधीतरी कुणीतरी बाई बसून हे बोललीच असेल ना, असं नंतर म्हणाली.

मग संगीत लागलं. काकांनी कान टवकारले. "क्लॅरिनेट आहे," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "पण वाजवणाऱ्यालाही दात नसावेत."

अखेर एक मुलगी लाइनवर आली. मावशीने तिला तक्रार सांगितली नाही, हकिगत सांगितली: कोण बोलतंय, काय झालंय, काय हवंय. एवढ्या वर्षांत वॉर्डांना निरोप देऊन देऊन तिचं बोलणं तासून निघालेलं. दात, क्लॅरिनेट, यंत्रावरचा आकडा, शुल्कावर शुल्क. मुलीने नीट ऐकून घेतलं आणि पाठ केलेलं उत्तर दिलं, की शुल्क अटींनुसारच आहे, परत करता येणार नाही, क्षमस्व. मी तोंड उघडलं, मावशीने माझ्या मांडीला चिमटा काढला.

"आणखी काही मदत करू शकते का, मॅडम?"

"नाही गं. एवढंच होतं."

"बँकेला फोन केल्याबद्दल आभार."

"आभार कसले, बाळ."

आणि मग कुणीच फोन ठेवला नाही.

मावशी आधी ठेवणार नव्हतीच. पण त्या मुलीलाही ठेवता येत नव्हता, हे मला नंतर कळलं. ग्राहकाने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, असा त्यांच्याकडेही नियम असतो. दोन एक्सचेंजच्या बायका समोरासमोर बसल्या होत्या आणि मध्ये लाइन मोकळी. पलीकडून खूप माणसांच्या बोलण्याची गजबज ऐकू येत होती. मावशीचा चेहरा निवला. ती गजबज तिच्या ओळखीची होती. अलीकडे नळ ठिबकत होता. काका खोकला दाबून लालबुंद झाले होते.

बऱ्याच वेळाने मुलीचा आवाज आला, पण आता खाली आलेला आणि पाठांतर गळून पडलेला. "आजी, ऐका. तक्रार नका करू. फेरविचार मागा. तुमच्या खात्यावर याआधी असं कधीच झालेलं नाही, त्यामुळे आमच्या वरच्या साहेबांना अधिकार आहे. पण ग्राहकाने मागितल्याशिवाय मला सुचवता येत नाही."

"मग मी मागते," मावशी म्हणाली. "आणि हे बघ, जोडताना नुसतं जोडू नकोस. त्यांना आधी सगळं सांग. एकच रडगाणं दोनदा गायला लावायचं नाही कुणाला."

मुलगी हसली. आणि तिने खरंच सांगितलं. साहेब लाइनवर आले ते "दातांचं ना?" असं विचारतच.

साहेबांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पैसे काकांनी स्वतः काढले होते. मावशी म्हणाली, "काढलेच. वाचण्यात चूक आमच्या माणसाची. पहिलं शुल्क तुम्ही ठेवा. पण दुसरं लागलं ते पहिल्यामुळे, आणि तिसरं दुसऱ्यामुळे. ही तुमच्या शुल्कांची आपसातली भांडणं आहेत, साहेब. त्यात आम्हाला कशाला ओढता?"

साहेबांनी पलीकडे कळफलकावर टकटक केली. मग म्हणाले, पहिलं सोडून बाकीची परत करतो. मावशीने आभार मानले आणि ती न मागता दिलेली उसनवारीही खात्यावरून काढून टाकायला सांगितली. तेही झालं. साहेबांनी "नमस्कार, ठेवतो" म्हटलं. मावशी म्हणाली, "हो, नमस्कार."

पुन्हा तीच शांतता. या वेळी मीच श्वास रोखून होतो.

"आजी," साहेब शेवटी म्हणाले, "माझे वडील तबला वाजवायचे. हात थरथरायला लागले तसा सोडला." आणखी जरा थांबून, घसा खाकरून, "पहिलंही परत करतो. ठेवा आता."

मावशीने मात्र त्यांनाच ठेवायला लावला असता. शेवटी मीच हात लांब करून फोन बंद केला, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. त्या माणसाला आणखी काही सांगायचं असतं तर?

पैसे आले, दात आले. नव्या दातांनी पहिले काही दिवस पिपाणीतून जे निघालं त्याला सूर म्हणणं धाडसाचं होतं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी चौकशीला येऊन गेलं. मावशी सगळ्यांना सांगत होती, "दिवसभर हेच चालू असतं, डोकं उठतं माझं," आणि दार मुद्दाम उघडं ठेवत होती. महिनाअखेर सॅक्सोफोनवाला आपली खुर्ची बगलेत मारून मागच्या रांगेत गेला.

त्यानंतरच्या सोमवारी मावशीने बँकेला पुन्हा फोन केला. काम झालं की कळवायचं असतं, हाही एक्सचेंजवरचाच रिवाज. आधी भलत्याच कुणाशी बोलून, चौकशा करत करत तिने ती मुलगी शोधून काढली. "आले गं दात," एवढं सांगितलं. मुलीने अभिनंदन केलं, आभार मानले, आणखी काही मदत करू शकते का विचारलं, आणि मग दोघीही आपापल्या नियमाप्रमाणे गप्प बसल्या.

"आजी," जरा वेळाने मुलगी म्हणाली, "वाजवतील का ते?"

मावशीने काकांना खूण केली आणि फोन स्टुलावर ठेवला. काकांनी एक जुनं, संथ गाणं घेतलं. मध्ये एके जागी दात सरकले, ते अंगठ्याने जागच्या जागी बसवून त्यांनी तिथूनच पुढे चालू केलं. मावशी ओट्याला टेकून उभी होती. गाणं संपेपर्यंत बँक होल्डवर होती.

आता काका बँडमधल्या प्रत्येकाला अडवून सांगतात, की अखेर आपलं रेकॉर्डिंग झालं. गुणवत्तेसाठी. आणि घरात ठेवलं तर हरवेल, म्हणून ते बँकेत ठेवलंय.